वाय-फाय नेमकं कुठे अडलं?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे, पण एरवी ठणठणीत असलेले कितीतरी लॅपटॉप त्या दिवसापासून अडगळीच्या वाटेला लागले. त्यातल्या काहींचं नशीब चांगलं. घरातल्या कुणीतरी हौसेने त्यांच्यावर उबुंटू किंवा लिनक्स मिंट बसवलं आणि त्यांना दुसरं आयुष्य मिळालं. पडदा उजळतो, आवाज येतो, टचपॅड चालतो. पण कोपऱ्यात वाय-फायचं चिन्हच नसतं. किंवा चिन्ह असतं, नेटवर्क जोडलेलंही दिसतं, तरी पान उघडत नाही. मग ‘लिनक्सवर वाय-फाय चालत नाही’ हा शेरा त्या यंत्राला कायमचा चिकटतो.

हा शेरा ढोबळ आहे. त्याच्या पोटात अनेक वेगवेगळ्या तक्रारी असतात. रेडिओ बंद असणं, कार्ड ओळखलं न जाणं, कार्डाला लागणारी फाइल नसणं, शेजाऱ्याचं नेटवर्क दिसणं पण आपलं न दिसणं, पासवर्ड नाकारला जाणं, जोडणी होऊनही पत्ता न मिळणं, आणि सगळं मिळूनही दर दहा मिनिटांनी तुटणं. या प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. एकाचा उपाय दुसऱ्याला लावला की फुकट वेळ जातो, आणि कधी कधी चालू असलेलंही बिघडतं.

दिवा लागत नाही म्हणून वायरमन थेट बल्ब बदलत नाही. टेस्टर घेऊन तो आधी मेन स्विच पाहतो, मग फ्यूज, मग बोर्ड, मग होल्डर. करंट जिथपर्यंत येतो, तिथून पुढे बिघाड. वाय-फायची तपासणीही याच क्रमाने करायची असते, आणि लिनक्सने प्रत्येक टप्प्यावर टेस्टर लावायची सोय ठेवली आहे.

एक सूचना आधीच. पुढे येणाऱ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत टाइप करायच्या आणि दोन शब्दांमध्ये एक जागा सोडायची. यंत्रात बदल करणाऱ्या आज्ञांच्या आधी ‘सुडो’ लिहून आपला पासवर्ड द्यावा लागतो.

आधी लॅपटॉपच्या बाहेर पाहा

पहिली तपासणी टर्मिनल न उघडता होते. त्याच जागी बसून त्याच वाय-फायवर मोबाइल चालतो का, हे पाहावं; मात्र मोबाइल डेटा बंद करून, नाहीतर निष्कर्ष फसवा निघतो. मोबाइललाही इंटरनेट मिळत नसेल तर लॅपटॉपला हात लावू नये. फायबरच्या राउटरवर ‘एलओएस’ असं लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर बाहेरून येणारा प्रकाशाचा सिग्नलच तुटलेला असतो. तिथे लिनक्स, विंडोज सगळे सारखेच असहाय. जोडणी देणाऱ्याला फोन करणं एवढाच उपाय. वीज जाऊन आली असेल तर राउटरला सावरायला काही मिनिटं द्यावीत.

मोबाइल चालतो आणि लॅपटॉप चालत नाही, हे ठरलं की पुढे जायचं.

रेडिओ बंद आहे का?

लॅपटॉपमधलं वाय-फाय कार्ड म्हणजे एक छोटा रेडिओ. तो बंद करण्याच्या दोन तऱ्हा आहेत आणि लिनक्स त्या वेगळ्या ओळखतं. ‘आरएफकिल लिस्ट’ ही आज्ञा दिली की प्रत्येक रेडिओपुढे ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ आणि ‘हार्ड ब्लॉक्ड’ अशा दोन ओळी येतात.

सॉफ्ट ब्लॉक म्हणजे सॉफ्टवेअरने घातलेली बंदी. चुकून एअरप्लेन मोड चालू झाला की असं होतं. ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ म्हटलं की ती उठते. हार्ड ब्लॉक म्हणजे प्रत्यक्ष बटणाने किंवा बायोसने केलेली बंदी; ती कुठल्याही आज्ञेने उठत नाही. जुन्या लॅपटॉपच्या कडेला किंवा पुढच्या काठाला एक बारीक सरकबटण असायचं. बॅगेत ठेवता-काढता ते सरकतं आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. जिथे असं बटण नाही, तिथे एफएन आणि वरच्या ओळीतली एखादी कळ तेच काम करते.

लेनोवोच्या काही आयडियापॅड मॉडेलांवर याची गंमतच होते. लॅपटॉपला बटण नसतानाही लिनक्सच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, ‘आयडियापॅड लॅपटॉप’ नावाचा भाग ‘हार्ड ब्लॉक’ असल्याचं सांगत राहतो. तो भाग काळ्या यादीत टाकला, म्हणजे सुरू होताना चढूच दिला नाही, की रेडिओ मोकळा होतो. नव्या कर्नलमध्ये अशी बरीच मॉडेलं दुरुस्त झाली आहेत.

एकाच यंत्रावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर आणखी एक कारण संभवतं. विंडोजमधलं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर ‘शट डाउन’ म्हटल्यावर विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धवट झोपतं. कार्डही तशाच अर्धवट अवस्थेत राहतं आणि लिनक्सला ते सुरू करता येत नाही. विंडोजमध्ये जाऊन ही सोय बंद करावी आणि यंत्र पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं.

कार्डाचं खरं नाव

लॅपटॉपवर डेल, एचपी किंवा एसर लिहिलेलं असलं तरी आतलं वाय-फाय कार्ड इंटेल, रिअलटेक, ब्रॉडकॉम, क्वालकॉम-अथेरॉस किंवा मीडियाटेक यांपैकी बहुधा कुणाचं तरी असतं. लिनक्सला महत्त्व या आतल्या नावाचं. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची कार्डं निघू शकतात. म्हणूनच ‘माझ्या मित्राच्या याच लॅपटॉपवर चालतं’ हा युक्तिवाद टिकत नाही.

हे नाव ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा सांगते. यूएसबीला लावलेल्या डाँगलसाठी ‘एलएसयूएसबी’. पहिल्या आज्ञेपुढे जागा सोडून एक डॅश आणि एन, एन, के ही अक्षरं जोडली तर दोन मोलाच्या गोष्टी हाती येतात. एक, कार्डाचा ओळख क्रमांक. त्याचा पहिला भाग कंपनीचा: इंटेलचा ८०८६, जो त्यांच्या १९७८ सालच्या गाजलेल्या प्रोसेसरचाही आकडा आहे, ब्रॉडकॉमचा १४ई४, रिअलटेकचा १०ईसी. दुसरा भाग नेमक्या चिपचा. दुसरी गोष्ट म्हणजे ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ ही ओळ. ती असेल तर ड्रायव्हरने कार्ड ताब्यात घेतलं आहे. ती नसेल तर बिघाड याच टप्प्यावर आहे आणि पासवर्ड पुन्हापुन्हा टाकून काही होणार नाही.

कार्डाचं नावच यादीत नसेल तर ते बायोसमधून बंद आहे, सैल झालं आहे किंवा मेलं आहे. यूएसबी डाँगलच्या बाबतीत आणखी एक शक्यता असते. काही डाँगल आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून सादर करतात, कारण विंडोजचे ड्रायव्हर त्यांच्या पोटातच दिलेले असतात. त्यांना सीडीचं सोंग टाकून कार्डाचं काम करायला लावण्यासाठी लिनक्सवर ‘यूएसबी मोडस्विच’ नावाचं साधन असतं.

ड्रायव्हर, फर्मवेअर आणि जुनं भांडण

इथे थोडं थांबावं लागेल, कारण लिनक्सच्या वाय-फायची बदनामी याच टप्प्यावर झाली.

ड्रायव्हर हा लिनक्सच्या कर्नलचा भाग. तो आपल्या मुख्य प्रोसेसरवर चालतो. फर्मवेअर हा कार्डाच्या आतल्या चिमुकल्या प्रोसेसरवर चालणारा कार्यक्रम. बहुतेक कार्डांत तो कायमचा साठवलेला नसतो. दर वेळी यंत्र सुरू झालं की ड्रायव्हर ती फाइल डिस्कवरून उचलतो आणि कार्डात भरतो. फाइल नसेल तर ड्रायव्हर असूनही कार्ड निर्जीव राहतं. ही फाइल कंपनी तयार करते, तिचा मूळ कोड सहसा उघड नसतो आणि ती वाटण्याची परवानगीही कंपनीच्या मर्जीवर असते.

वाय-फायचं ८०२.११ हे मूळ मानक १९९७ सालचं. पुढच्या दशकात लॅपटॉपमध्ये वाय-फाय सर्रास येऊ लागलं, तेव्हा अनेक कंपन्या लिनक्ससाठी ड्रायव्हर देत नव्हत्या आणि चिपची तांत्रिक माहितीही नाही. लोकांनी मग दोन वाटा काढल्या. पहिली ‘एनडिसरॅपर’ची: विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्समध्ये कसाबसा चालवायचा. दुसरी जास्त कष्टाची. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी एका गटाने बंद ड्रायव्हरचं वागणं तपासून चिपचं वर्णन लिहून काढलं आणि मूळ कोड न पाहिलेल्या दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर लिहिला. नक्कल केल्याचा कायदेशीर आरोप येऊ नये म्हणून हे सोवळं. तो ड्रायव्हर २००६ साली कर्नलच्या २.६.१७ या आवृत्तीत दाखल झाला. तरी फर्मवेअर वाटायची परवानगी नव्हतीच. वापरणाऱ्याला ते विंडोजच्या ड्रायव्हरमधून ‘कापून’ घ्यावं लागे आणि त्यासाठी वेगळं साधन होतं.

नंतर वारं बदललं. २००८ मध्ये अथेरॉसने ‘एथ९के’ हा खुला ड्रायव्हर स्वतःहून दिला. त्यातल्या पीसीआय कार्डांना फर्मवेअरची फाइलच लागत नाही, म्हणून ती जुनी कार्डं आजही अनेकांची आवडती आहेत. सप्टेंबर २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही काही चिपांसाठी खुला ड्रायव्हर जाहीर केला. इंटेलचा ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ तर आता बहुतेक लॅपटॉपवर काही न करता चालतो.

फर्मवेअरचा तात्त्विक वाद मात्र बराच काळ धुमसत राहिला. डेबियन हा प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वाला इतका पक्का की त्याच्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये बंद फर्मवेअर नसायचं. परिणाम असा की इन्स्टॉलर अर्ध्यावर थांबून फर्मवेअरची फाइल मागायचा, आणि ती आणायला इंटरनेट लागायचं. अखेर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून हे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्ये घ्यायला संमती दिली. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ही अडचण बहुतांशी संपली.

आपल्या यंत्रावर फर्मवेअरचा घोळ आहे का, हे कर्नलच्या रोजनिशीत दिसतं. ती उघडणारी आज्ञा डी, एम, ई, एस, जी अशा पाच अक्षरांची आहे. त्यात ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधावा. ‘फेल्ड टू लोड’ आणि शेवटी उणे दोनचा आकडा दिसला तर फाइल सापडली नाही, असा अर्थ. मात्र घाई करू नये. इंटेलचा ड्रायव्हर फर्मवेअरची सर्वांत नवी आवृत्ती आधी मागतो, नाही मिळाली की तिच्या खालची, मग तिच्या खालची. त्यामुळे चार-पाच ‘फेल्ड’ ओळींनंतर ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ अशी ओळ असेल तर सगळं ठीक आहे.

उपाय सोपा आहे. उबुंटू आणि मिंटमध्ये ‘लिनक्स-फर्मवेअर’ हे पॅकेज अद्ययावत करावं. ब्रॉडकॉमचं जुनं कार्ड असेल तर उबुंटूत ‘अ‍ॅडिशनल ड्रायव्हर्स’ आणि मिंटमध्ये ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडावा. योग्य ड्रायव्हर तिथे समोर येतो.

इंटरनेट आणण्यासाठी इंटरनेट

पण पॅकेज उतरवायचं कसं, वाय-फायच नाही तर? यावरची युक्ती प्रत्येकाच्या खिशात असते. अँड्रॉइड फोन केबलने लॅपटॉपला जोडावा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावं. लिनक्सला तो फोन तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो आणि त्यासाठी लागणारा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीपासून असतो. राउटरपर्यंत लॅनची केबल टाकता आली तर तेही चालतं.

अपडेटनंतर गेलं

काल चालत होतं, आज अपडेट झालं आणि गेलं, ही तक्रार बहुधा कर्नलच्या बाहेरून बसवलेल्या ड्रायव्हरची असते. कर्नल बदलला की असा ड्रायव्हर त्याच्यासाठी पुन्हा बांधावा लागतो. हे काम ‘डीकेएमएस’ नावाची व्यवस्था आपोआप करते, पण कधी ती फसते. अशा वेळी यंत्र सुरू होताना येणाऱ्या ‘ग्रब’च्या यादीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडावा. त्यावर वाय-फाय चाललं तर दोष नव्या कर्नलसाठी न बांधल्या गेलेल्या ड्रायव्हरचा, हे ठरलं. जुन्या कर्नलवर तात्पुरतं काम भागतं आणि ड्रायव्हर दुरुस्त करायला इंटरनेटही मिळतं.

‘सिक्युअर बूट’ चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर कर्नल चढूच देत नाही. ‘की वॉज रिजेक्टेड’ असा संदेश दिसला तर हेच कारण. ड्रायव्हर बसवताना उबुंटू एक पासवर्ड ठरवायला सांगतं आणि पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना निळ्या पडद्यावर तो विचारतं. लोक घाबरून तो पडदा ओलांडतात आणि ड्रायव्हरची सही नोंदवायची राहून जाते.

आपलंच नेटवर्क दिसत नाही

कार्ड जागं झालं की ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ ही आज्ञा द्यावी. येणाऱ्या यादीत कार्डाचं नाव जुन्या यंत्रांवर ‘डब्ल्यूलॅन०’ असतं, नव्यांवर कार्डाच्या जागेवरून पडलेलं लांबट नाव. त्यापुढची अवस्था महत्त्वाची. ‘अनव्हेलेबल’ म्हणजे मागच्या टप्प्यांवर काहीतरी राहिलं. ‘अनमॅनेज्ड’ म्हणजे जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्क मॅनेजरला या कार्डाकडे बघू नकोस असं कुणीतरी सांगितलं आहे. डेबियनमध्ये इन्स्टॉल करतानाच वाय-फाय वापरलं असेल तर त्याची नोंद दुसऱ्याच एका फाइलमध्ये राहते आणि हे घडतं. ‘डिसकनेक्टेड’ म्हणजे कार्ड तयार आहे, जोडायचं बाकी आहे.

शेजाऱ्यांची नेटवर्कं दिसतात आणि आपलंच नाही, असं असेल तर लहरींकडे वळावं. जुनं कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असेल तर राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला कधीच दिसणार नाही. दुसरं कारण चॅनेलचं. भारतात २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १ ते १३ चॅनेल वापरता येतात. अमेरिकेत वाय-फाय प्रत्यक्षात ११ पर्यंतच चालतं. कार्डाने स्वतःला अमेरिकेत समजलं आणि राउटर १३ व्या चॅनेलवर बसला, तर दोघांची गाठ पडत नाही. ‘आयडब्ल्यू रेग गेट’ या आज्ञेने कार्ड कोणत्या देशाचे नियम पाळतं ते कळतं. ‘आयडब्ल्यू रेग सेट’ पुढे भारताची आय, एन ही अक्षरं मोठ्या (कॅपिटल) रूपात दिली की नियम बदलतात. इंटेलची अनेक कार्डं मात्र देश स्वतः ओळखतात आणि ही आज्ञा जुमानत नाहीत. तिथे राउटरचं चॅनेलच १, ६ किंवा ११ करावं. एकमेकांवर न चढणारे तीन चॅनेल हेच, त्यामुळे शेजारच्या गोंगाटाचा त्रासही कमी होतो.

पासवर्ड बरोबर, तरी नकार

राउटरचा पासवर्ड बदलला असेल तर जुनी साठवलेली जोडणी पुसून नव्याने जोडावं. पासवर्ड नक्की बरोबर असूनही नकार येत असेल तर राउटरची सुरक्षा पाहावी. तो फक्त डब्ल्यूपीए३ वर ठेवला असेल तर जुनी कार्डं अडखळतात. ‘डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३’ अशी मिश्र निवड केली की बहुतेक वेळा गाडी पुढे सरकते. राउटरमध्ये ठरावीक यंत्रांनाच प्रवेश दिला असेल तर लिनक्स वापरत असलेला कार्डाचा मॅक पत्ता तिथे नोंदवलेला आहे का, तेही पाहावं. ओळख लपावी म्हणून तो पत्ता बदलता ठेवण्याची सोय लिनक्समध्ये आहे.

थोडं फार जमणाऱ्यांकडून आणखी एक चूक होते. जुने उपाय वाचत वाचत ते नेटवर्क सांभाळणारी दोन साधनं एकाच वेळी चालू करून ठेवतात. एक जोडतं, दुसरं तोडतं. नेटवर्क मॅनेजर ठेवायचा तर दुसऱ्यांना रजा द्यावी.

जोडलं, पण पान उघडत नाही

इथे चार प्रश्न क्रमाने विचारायचे.

यंत्राला पत्ता मिळाला का? ‘आयपी अ‍ॅड्रेस’ ही आज्ञा द्यावी. घरच्या राउटरवर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा दिसतो. काहीच नसेल किंवा १६९.२५४ ने सुरू होणारा असेल तर राउटरने पत्ता दिलेला नाही. राउटर एकदा बंद-चालू करावा.

राउटर हाकेला ओ देतो का? ‘आयपी रूट’ या आज्ञेत ‘डीफॉल्ट’ या शब्दाच्या ओळीत राउटरचा पत्ता असतो. ‘पिंग’ पुढे तो द्यावा. उत्तर आलं तर वाय-फायचं काम चोख आहे.

राउटरच्या पलीकडे जाता येतं का? ‘पिंग ८.८.८.८’ हे त्यासाठी. हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा, म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेचा पत्ता, लक्षात राहायला सोपा.

आणि नावावरून पत्ता सापडतो का? आकड्याला उत्तर येतं पण संकेतस्थळाच्या नावाला नाही, असं असेल तर दोष डीएनएसचा. बंद केलेलं व्हीपीएन मागे आपली सेटिंग सोडून जातं तेव्हा हे हमखास होतं. जोडणीच्या सेटिंगमध्ये डीएनएस ‘ऑटोमॅटिक’ करून पाहावं.

हे चारही उत्तीर्ण आणि ब्राउझर मात्र प्रमाणपत्र अमान्य असल्याची तक्रार करतो, तर घड्याळ पाहावं. जुन्या लॅपटॉपच्या मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की तारीख कित्येक वर्षं मागे जाते. संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांना मुदत असते, त्यामुळे त्या तारखेला ती सगळी अजून ‘सुरूच न झालेली’ ठरतात. तारीख दुरुस्त केली की पानं धडाधड उघडतात.

सार्वजनिक वाय-फायवर वेगळंच असतं. जानेवारी २०१६ मध्ये रेलटेल आणि गूगलने मुंबई सेंट्रल स्थानकावर मोफत वाय-फाय सुरू केलं. आज रेलवायर या नावाने ते देशभरच्या स्थानकांवर आहे. अशा जागी आधी मोबाइल क्रमांक विचारणारं पान येतं, त्यावर ओटीपी द्यावा लागतो. लिनक्सवर ते पान कधी आपोआप उघडत नाही. ब्राउझरमध्ये ‘एचटीटीपी’ने सुरू होणारं, म्हणजे ‘एस’ नसलेलं, एखादं साधं पान उघडायचा प्रयत्न करावा; नेटवर्क तुम्हाला त्या लॉगिनच्या पानावर नेतं.

चालतं, पण तुटक

सर्वांत चिवट तक्रार ही. पहिला संशयित वीजबचत. बॅटरी वाचावी म्हणून कार्ड मध्येमध्ये डुलकी घेतं आणि काही कार्डांना वेळेवर जाग येत नाही. उबुंटूत ही बचत मुळातच चालू असते. नेटवर्क मॅनेजरच्या ‘कॉन्फ.डी’ या फोल्डरमधल्या ‘डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन’ या फाइलमध्ये तीनचा आकडा असतो. त्या जागी दोन केला आणि यंत्र पुन्हा चालू केलं की बचत बंद.

दुसरा संशयित सिग्नलची ताकद. ती उणे आकड्यांत, डेसिबल-मिलिवॉटमध्ये मोजतात. उणे ५० उत्तम, उणे ६७ च्या आसपास व्हिडिओ नीट चालतो, उणे ८० ला जोडणी नावापुरती. दहा आकड्यांच्या फरकाने सिग्नल दहापट कमी होतो, हे ध्यानात ठेवावं. राउटरशेजारी बसूनही आकडा वाईट असेल तर अँटेनावर संशय घ्यावा. एचपीच्या काही लॅपटॉपमध्ये रिअलटेकचं ‘आरटीएल८७२३बीई’ हे कार्ड आलं, त्याला दोन अँटेनांची जागा पण जोडलेली एकच, आणि ड्रायव्हर नेमकी रिकामी जागा वापरायचा. ड्रायव्हरला ‘अँट_सेल’ हा पर्याय १ किंवा २ असा देऊन पाहिला की सिग्नल एकदम सुधारतो.

तिसरं कारण शेजारचा गोंगाट. ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतं आणि बऱ्याचदा वाय-फायच्याच कार्डावर असतं. ब्लूटूथचा हेडफोन लावल्यावर वेग कोसळत असेल तर राउटरच्या ५ गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर जावं. यूएसबी ३ ची उपकरणंही याच पट्ट्यात खरखर निर्माण करतात. इंटेलने २०१२ साली त्यावर टिपण प्रसिद्ध केलं होतं. बाहेरची हार्ड डिस्क डाँगलला चिकटून लावली असेल तर डाँगल लांबच्या पोर्टमध्ये न्यावा.

लॅपटॉप झोपेतून उठल्यावरच वाय-फाय जात असेल तर ड्रायव्हर उतरवून पुन्हा चढवावा. ‘मॉडप्रोब’ पुढे डॅश, आर आणि ड्रायव्हरचं नाव दिलं की तो उतरतो. डॅश-आर न देता पुन्हा म्हटलं की चढतो.

कार्ड बदलण्याआधी, लिनक्स बसवण्याआधी

एवढं करूनही जमलं नाही तर कार्ड बदलणं शहाणपणाचं. बहुतेक लॅपटॉपमध्ये ते एका स्क्रूवर बसलेलं असतं. तीन गोष्टी मात्र आधी पाहाव्यात. काही जुने लेनोवो आणि एचपी लॅपटॉप बायोसमधल्या यादीत नसलेलं कार्ड लावलं तर सुरूच व्हायला नकार देतात. इंटेलची एएक्स२०१ सारखी कार्डं इंटेलच्याच ठरावीक प्रोसेसरांबरोबर चालतात. एएक्स२१० ला ती अट नाही. आणि काही नव्या पातळ लॅपटॉपमध्ये कार्ड मदरबोर्डवरच डाखलेलं असतं, तिथे यूएसबी डाँगल हाच मार्ग. डाँगल घेताना खोक्यावरची ‘लिनक्सवर चालतो’ ही ओळ पुरेशी मानू नये. आत कोणती चिप आहे आणि तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे का, हे विचारावं.

मदत मागायची वेळ आली तर कार्डाचा ओळख क्रमांक, कर्नलची आवृत्ती, ड्रायव्हरचं नाव आणि रोजनिशीतल्या संबंधित ओळी एवढं द्यावं. पासवर्ड आणि कार्डाचा पत्ता झाकावा. जाणकार माणूस या चार गोष्टींवरून बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे ते बहुतेक वेळा सांगू शकतो. उलट, पाच-दहा वर्षांपूर्वीच्या आज्ञा न समजता एकामागून एक चिकटवत गेलं तर मूळ बिघाड कोणता आणि आपण केलेला कोणता, हेच उरत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो लिहून ठेवावा.

यातलं बरंचसं टाळता येतं, तेही फुकट. उबुंटू, मिंट किंवा फेडोरा पेन ड्राइव्हवरून न बसवताच चालवून पाहता येतं. डिस्कवरच्या एकाही फाइलला धक्का लागत नाही. तशा अवस्थेत वाय-फाय जोडून एखादा व्हिडिओ लावावा, लॅपटॉप एकदा झोपवून उठवावा, ब्लूटूथ जोडून पाहावं. तिथे चाललं तर बसवल्यावरही सहसा चालतं. नाही चाललं तर आपल्या कार्डाचा क्रमांक हाती आहेच. जुना लॅपटॉप भंगारात द्यायच्या आधी त्याला एवढी एक संधी जरूर द्यावी.